शेव्हेलचं वजन उतरवलं, आता नाक खाली येईना. पुढच्या स्प्रिंगा कोणत्या घ्याव्यात?

ट्रॉयकर
मंडळी, नमस्कार. मी मिशिगनमधल्या ट्रॉयला राहतो. तीन वर्षांपूर्वी १९६९ ची शेव्हरोलेची शेव्हेल एसएस ३९६ घेतली. ३२५ हॉर्सपॉवरचं इंजिन, रंग निळा. सांगलीला शाळेत असताना एका कॅलेंडरवर हिचं चित्र पाहिलं होतं, तेव्हापासून मनात होती.

गाडी सरळ रस्त्यावर सुंदर पळते, पण वळणावर पुढचा भाग बाहेर ओढत जातो. बिग ब्लॉक (शेव्हरोलेचं मोठं व्ही-८, धाकटं ते स्मॉल ब्लॉक) इंजिन म्हणजे सगळं बीड, आणि ते सगळं नाकावर. म्हणून या हिवाळ्यात तिचं वजन उतरवायला घेतलं. बिडाची हेड, म्हणजे सिलिंडरवरची झाकणं, काढून ॲल्युमिनियमची बसवली, त्यात ६६ पाउंड गेले. इनटेक मॅनिफोल्ड (हवा आत नेणारा भाग) बदलला, ३० पाउंड. एक्झॉस्टच्या बिडाच्या जागी हेडर, म्हणजे पातळ नळ्या, घातले, १२ पाउंड. पाण्याचा पंप बदलला, ७ पाउंड. जुना आणि नवा असा प्रत्येक भाग काट्यावर ठेवून पाहिला आहे, अंदाजाचे आकडे नाहीत. ४० पाउंडांची बॅटरी रेडिएटरशेजारून उचलून डिकीत नेली. हात लागलाच होता म्हणून पुढचे बॉल जॉइंट आणि चाक धरणाऱ्या आर्मच्या सांध्यातले रबरी बुशही नवे टाकले.

आता अडचण अशी की गाडी नाक वर करून उभी राहते. चाकाच्या कमानीपाशी आधी आणि नंतर मोजलं, तीच फरशी, तीच हवा. पुढून दीड इंच वर आली आहे. आय-७५ वर काँक्रीटच्या सांध्यांवरून जाताना पुढचा भाग ठकठक उडतो, पूर्वी असं नव्हतं. स्प्रिंगा जुन्याच आहेत. आधीच्या मालकाच्या पावतीवर ३५० पाउंड प्रति इंच लिहिलंय, म्हणजे एक इंच दाबायला ३५० पाउंड लागतात.

कॅटलॉग उघडला की बिग ब्लॉकची, स्मॉल ब्लॉकची, एक इंच खाली, दोन इंच खाली, एसीवाली, बिनएसीची अशी रांगच लागते. कोणती घेऊ?

वुडवर्डवारी
वा! धागा वाचनखुणेत टाकला. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांच्या यात्रेला आणणार ना? फर्नडेलपासून पाँटिअ‍ॅकपर्यंत रस्ताभर गाड्याच गाड्या. १९९५ ला फर्नडेलमध्ये सॉकरच्या मैदानासाठी पैसे उभे करायला म्हणून सुरू झालेली ही यात्रा एवढी वाढेल असं कुणाला वाटलं असेल! स्प्रिंगांतलं मला कळत नाही, पण फोटो टाका.

पाव_मैल
नाक वर आहे? मग राहू द्या की! मी मायलनच्या ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्टीवर, शेव्हरोलेची नोव्हा पळवतो. आम्ही मुद्दाम सहा सिलिंडरच्या गाडीची स्प्रिंग व्ही-८ ला बसवतो. ती बारीक तारेची, मऊ आणि लांब असते. वजनाखाली खूप दबून बसते, म्हणजे पोटात ताकद साठवून ठेवते. पेडल दाबलं की नाक चटकन उचललं जातं आणि वजन मागच्या टायरांवर जातं. पुढचा अँटिरोल बार (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) काढून टाका, उठताना ढिले आणि बसताना घट्ट असे शॉकॲब्सॉर्बर लावा. पहिल्या साठ फुटांतच फरक दिसेल.

वळणवेडा
पावमैलसाहेब, त्यांना वळणावर त्रास होतोय आणि तुम्ही सरळ रेषेचं औषध देताय. :)

ट्रॉयकर, ५५० ची स्प्रिंग घाला, दोन इंच खाली बसणारी. पुढे जाड अँटिरोल बार. माझ्या ६८ च्या कॅमेरोला हेच केलंय. गाडी रुळावरून धावल्यासारखी जाते.

सुमेधा_क
थांबा, थांबा. स्प्रिंग कोणती हा शेवटचा प्रश्न आहे. आधी गाडीच्या पुढच्या चाकांवर आता किती भार आहे ते सांगा. मी इथे डेट्रॉइटलाच सस्पेन्शनचं काम करते. जुन्या गाड्यांच्या बाबतीत बहुतेक जण आधी स्प्रिंग विकत घेतात आणि मग वजन करतात, किंवा करतच नाहीत.

तोवर तुमच्याच आकड्यांवरून हिशेब मांडते. शेव्हेलचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर, ११२ इंच. इंजिनावरून उतरवलेल्या ११५ पाउंडांचा मध्य पुढच्या ॲक्सलच्या साधारण १२ इंच मागे धरला, तर त्यातले १०३ पुढून गेले आणि १२ मागून. बॅटरीचं मात्र वेगळं आहे. ती पुढच्या ॲक्सलच्याही पुढे होती, समजा १० इंच. आता मागच्या ॲक्सलच्या ३५ इंच मागे आहे. तरफेचं गणित केलं तर ती आधी पुढच्या चाकांवर ४४ पाउंड टाकत होती, आणि आता डिकीत बसून पुढचा भाग उलट साडेबारा पाउंडांनी उचलते आहे. म्हणजे ४० पाउंडांच्या बॅटरीने नाक ५६ पाउंडांनी हलकं केलं! तुमच्या सगळ्या कामात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक काम तेच.

एकूण पुढून गेले १५९, म्हणजे एका चाकामागे ८०.

आता स्प्रिंग. ती आर्मच्या मध्यावर बसते, चाकाशी नाही. चाक दोन इंच हललं तर स्प्रिंग जवळपास एक इंच दबते. हालचाल निम्मी आणि जोरही निम्माच पोचतो, म्हणून चाकापाशी स्प्रिंगचा ताठपणा पाव होतो. ३५० चे झाले साडेसत्याऐंशी. ८० ला साडेसत्याऐंशीने भागा, ०.९ इंच.

तुम्ही म्हणता दीड इंच वर आली. मग उरलेलं अर्ध्या इंचाहून जास्त आलं कुठून?

आणखी एक. एका पुढच्या चाकावरचं स्प्रिंगवरलं वजन (चाक-ब्रेक वगळून, स्प्रिंग उचलते तेवढं) ९३० वरून ८५० झालं असं धरलं, तर नाकाचे नैसर्गिक हेलकावे मिनिटाला ५८ होते ते ६० झाले. एवढ्या फरकाने ठकठक जाणवत नाही. तुमच्या स्प्रिंगचा यात दोष नाही, दुसरंच काहीतरी आहे.

पाव_मैल
सुमेधाताई, बॅटरीचं गणित छापून गॅरेजच्या भिंतीवर लावतो. मी दहा वर्षं बॅटरी मागे ठेवून पळवतोय, पण ४० चे ५६ होतात हे आज कळलं.

ट्रॉयकर, बॅटरी मागे नेलीत तर दोन गोष्टी नक्की पाहा. शेव्हेलच्या डिकीच्या पत्र्याखालीच पेट्रोलची टाकी आहे. पेटीचे बोल्ट मारायला ड्रिल लावण्याआधी खाली वाकून पाहिलं होतं ना? आणि बॅटरीजवळच जाड फ्यूज हवा. एवढी लांब वायर पत्र्याला घासली तर आग लागते. ड्रॅगवर यायचं असेल तर गाडीच्या मागच्या बाजूला बाहेरून बंद करता येणारा मेन स्विच लागतो, नाहीतर तपासणीतच परत पाठवतात.

ट्रॉयकर
टाकी खाली उतरवूनच भोकं पाडली. फ्यूज आहे. पेटी बंद आहे आणि तिची नळी गाडीबाहेर काढली आहे. स्विच नाही, लावतो.

सुमेधाताई, पोटतिडकीने लिहिलंत, आभार. शनिवारी ट्रक-स्टॉपच्या काट्यावर नेतो. तिथे पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा तोलून मिळतो.

कोल्हापुरी_काटा
अवांतर: काट्याचं नाव काढलं आणि राहवलं नाही. आमच्याकडे गळीत हंगामात साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. वडील माझ्या लहानपणी रिकामी जीपसुद्धा काट्यावर चढवून बघायचे. आधी पुढची चाकं, मग सगळी जीप, मग वजाबाकी. पुढे वजन जास्त आहे की मागे, हे तिथेच पहिल्यांदा समजलं. बाकी तुमचं पाउंड आणि इंच डोक्यावरून जातंय, पण वाचतोय.

जुनंतेसोनं
मला या धाग्यावर थोडा वेगळा सूर लावायचा आहे. खरीखुरी एसएस ३९६ आहे ना ही? मग बिडाची हेड, इनटेक, मॅनिफोल्ड यांतलं एकही भंगारात देऊ नका. त्यांच्यावर ओतकामाच्या तारखा आहेत. तेल लावून, कापडात गुंडाळून तळघरात ठेवा. पुढे ज्याच्या हाती ही गाडी जाईल तो दुवा देईल. बॉनेटही मूळ पत्र्याचंच राहू द्या, फायबरग्लासचं घेऊ नका.

हलकं करणं चूक आहे असं मात्र मी म्हणणार नाही, कारण खुद्द शेव्हरोलेनेच ते केलं होतं. त्याच १९६९ मध्ये ३७५ हॉर्सपॉवरच्या ३९६ वर एल८९ नावाचा ऑप्शन होता, ॲल्युमिनियमच्या हेडचा. त्याच वर्षीचं झेडएल१ तर ४२७ चं इंजिन, ब्लॉकसकट ॲल्युमिनियमचं. असल्या फक्त ६९ कॅमेरो निघाल्या. बिग ब्लॉकची ताकद आणि वजन जवळपास स्मॉल ब्लॉकएवढं. त्याआधी १९६३ ला पाँटिअ‍ॅकने शर्यतीच्या गाड्यांच्या चासीला मोठाली भोकं पाडून लोखंड कमी केलं होतं. लोक त्यांना 'स्विस चीज' म्हणत. तुम्ही केलंत ते परंपरेला धरूनच आहे.

नाशिकचा_नाना
आमच्या वडिलांच्या ॲम्बेसेडरला पुढे वेटोळ्यांची स्प्रिंग नव्हतीच, टॉर्शन बार होते. लांब पोलादी दांडा, पिळला की स्प्रिंगचं काम करतो. क्रायस्लरच्या गाड्यांनाही १९५७ पासून पुढे तेच, म्हणजे चार्जर, रोडरनर वगैरे सगळ्यांना. ट्रॉयकरांची गाडी त्या घराण्यातली असती तर एक बोल्ट फिरवून नाक खाली आलं असतं आणि हा धागा दोन प्रतिसादांत संपला असता. :)

वळणवेडा
नाना, उंची बोल्टने बदलते, ताठपणा बदलत नाही. त्यासाठी दांडाच जाड घ्यावा लागतो.

सुमेधाताई, तुमच्या हिशेबाने ५५० च्या स्प्रिंगवर काय होईल?

सुमेधा_क
चाकापाशी १३७, मिनिटाला ७५ हेलकावे. रेसिंग ट्रॅकसाठी चांगलं आहे. पण तुम्ही कॅमेरोच्या मागच्या स्प्रिंगाही बदलल्या असतील ना?

मॉरिस ऑली नावाचा इंजिनिअर १९३० मध्ये रोल्स-रॉइसमधून कॅडिलॅकमध्ये आला. १९३४ ला जनरल मोटर्सच्या गाड्यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आलं, त्यामागे त्याचा मोठा हात. त्याने दाखवून दिलं की पुढचे हेलकावे मागच्यांपेक्षा संथ हवेत. उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला क्षणभराने. मागचा भाग थोडा जलद हलला तरच तो पुढच्याला गाठतो आणि गाडी सपाट राहून शांत होते. फक्त पुढे ५५० घातली आणि मागे मूळ मऊ स्प्रिंग ठेवली, तर आय-७५ च्या सांध्यांवर गाडी झोपाळ्यासारखी पुढे-मागे डुलेल. ट्रॉयकरांच्या घरचे लोक दुसऱ्यांदा त्या गाडीत बसणार नाहीत.

वळणवेडा
मागच्याही बदलल्या होत्या, हे लिहायचं राहिलं. आणि खरं सांगायचं तर आमच्याकडे सासूबाई कॅमेरोत बसत नाहीत.

ट्रॉयकर
काट्यावरून आलो. टाकी अर्धी, आत कुणी नाही. पुढे १८८०, मागे १७००, एकूण ३५८०. आधी तोलली नव्हती याची आता फार चुटपुट लागते.

घरी आल्यावर जॅक लावून चाक दोन इंच उचललं आणि स्प्रिंग मोजली. एक इंचाला किंचित कमी दबली. म्हणजे ताईंचं पाव बरोबर आहे. तरीही गाडी दीड इंचच वर. जॅकवरून उतरवल्यावर वस्तीत फेरी मारून मग मोजली आहे.

गॅरेजकाका
सगळा धागा वाचला. पोरा, एकच विचारतो. बुश नवे टाकलेस म्हणालास. आर्मचे बोल्ट कधी आवळलेस? चाकं लोंबत असताना की गाडी जमिनीवर उभी असताना?

ट्रॉयकर
काका, गाडी स्टँडवर होती. चाकं लोंबत होती. तेव्हाच पूर्ण आवळले.

गॅरेजकाका
मग तिथंच आहे तुझं उरलेलं अर्धा इंच.

रबरी बुश फिरत नाही, पिळला जातो. आतली नळी बोल्टाने पक्की धरलेली, बाहेरची आर्ममध्ये ठोकलेली, मधलं रबर पीळ खातं. आर्म खाली लोंबत असताना आवळलास म्हणजे रबराला वाटतं की आपली विश्रांतीची जागा हीच. गाडी खाली ठेवलीस की आर्म वर जातं, रबर पिळलं जातं आणि सगळा वेळ आर्मला खाली ढकलत राहतं. म्हणजे तू नकळत जास्तीची स्प्रिंगच बसवलीस. गाडी वर राहते, कडक चालते आणि बुश वर्षा-दोन वर्षांत फाटतो. गाडी वर बसली म्हणून आर्मला खाली जायला जागाही कमी उरली. खड्ड्यात चाक उतरलं की आर्म खालच्या रबरी ठोकळ्यावर आपटत असणार, ठकठक तिचीच. ठोकळ्यावर ताजी खूण आहे का बघ.

चाळीस वर्षं हात काळे केले, दर दोन महिन्यांनी हे एकदा तरी दिसतं. माणूस मेहनतीने सगळं नवं टाकतो आणि शेवटचा बोल्ट चुकीच्या वेळी आवळतो.

आता असं कर. गाडी चारही चाकांवर रॅम्पवर चढव, वजन चाकांवरच राहायला हवं. वरच्या-खालच्या आर्मचे बोल्ट सैल कर, बंपरवर बसून चार-पाच हिसके दे, मग टॉर्क रेंचने आवळ. नंतर मोज.

सुमेधा_क
काका, साष्टांग. मी कागदावरच शोधत बसले होते.

ट्रॉयकर
काका! ठोकळ्यावर खूण आहे, दोन्ही बाजूंना.

सांगितलंत तसं केलं. उजवीकडचा बोल्ट सैल केला तेव्हा आर्म सुटल्याचा 'टक' असा आवाज आला आणि गाडी डोळ्यांदेखत बसली. आता जुन्या उंचीपेक्षा फक्त पाऊण इंचाहून जरा वर आहे, म्हणजे सुमेधाताईंचा ०.९ च. आय-७५ वर जाऊन आलो. ठकठक गेली. गाडीतून उतरून दोन मिनिटं नुसता बघत उभा राहिलो.

आता मूळ प्रश्न: हे उरलेलं कसं घालवू? अर्धं वेटोळं कापावं का?

पाव_मैल
कापा. मी कापलंय. फुकटात होतं.

जुनंतेसोनं
कृपा करून कापू नका.

गॅरेजकाका
कापणं पाप नाही, पण रीत आहे. गॅस कटर स्प्रिंगच्या जवळही आणायचा नाही, उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं आणि तिथून ती बसते किंवा तुटते. ग्राइंडरच्या पातळ चकतीने, थांबत थांबत कापायची. सपाट टोक वर असतं त्याला हात लावायचा नाही, खालचं उघडं टोकच कापायचं. आणि एका वेळी अर्ध्याहून जास्त नाही, कापलेलं परत जोडता येत नाही.

सुमेधा_क
कापल्याने स्प्रिंग आखूड होते तशी ताठही होते, कारण दबायला वेटोळी कमी उरतात. तुमच्या स्प्रिंगची काम करणारी वेटोळी आठ असतील तर अर्धं कापल्यावर ३५० ची ३७३ होईल. उंची मात्र नेमकी हवी तिथे येईल, मूळ जागेपेक्षा पाव इंच खालीच. म्हणजे पावमैलदादांचा सल्ला गणितात बसतो.

पण मी असते तर स्मॉल ब्लॉकची स्प्रिंग घेतली असती. बिग ब्लॉक आणि स्मॉल ब्लॉकमध्ये साधारण शंभर पाउंडांचा फरक, आणि तुमच्या नाकावरून १५९ गेलेत. आज तुमच्या गाडीचं पुढचं वजन स्मॉल ब्लॉकच्या शेव्हेलसारखंच आहे. बॉनेटखालची नावपट्टी काय म्हणते ते स्प्रिंगला कळत नाही, तिला भार कळतो.

कॅटलॉगमध्ये दोन आकडे बघा, ताठपणा आणि मोकळी लांबी. नुसत्या ताठपणावर घेतलेल्या स्प्रिंगा परत पाठवाव्या लागतात. तुमच्या स्प्रिंगवर आता सुमारे १७०० पाउंड येतात. बसल्यावर ती ११ इंच हवी, कारण मूळ उंचीला तेवढी होती. ३१५ ची घेतलीत तर ५.४ इंच दबेल, म्हणजे मोकळी लांबी १६.४ हवी. ४५० ची घेतलीत तर ३.८ इंच दबेल, म्हणजे १४.८. दोन्हींवर गाडी त्याच उंचीला उभी राहील, चालेल मात्र अगदी वेगळी. ३१५ वर हेलकावे मिनिटाला ५७, जवळपास कारखान्यातून निघाली तेव्हाचे. वळणासाठी स्प्रिंग ताठ करण्याऐवजी पुढचा अँटिरोल बार थोडा जाड घ्या. तो सरळ रस्त्यावर दोन्ही चाकं एकदम हलतात तेव्हा मध्ये येत नाही.

वळणवेडा
बारच्या बाबतीत तरी माझं बरोबर निघालं. अनुमोदन. आणि उंची पक्की झाल्यावरच व्हील अलाइनमेंट करा. १९६९ चे कारखान्याचे आकडे तेव्हाच्या बायस-प्लाय (जुन्या तिरप्या विणीच्या) टायरांसाठी होते. आताचे रेडियल असतील तर कॅस्टर (चाकाच्या वळायच्या आसाचा मागे कल) जास्त लागतो, पॉवर स्टीअरिंग असेल तर तीन अंशांच्या आसपास सांगा. वरच्या आर्मच्या पट्ट्या कमीजास्त करून येतो. नाक ओढण्याचा अर्धा त्रास तिथेच जाईल.

ट्रॉयकर
ठरलं. ३१५ ची, १६.४ इंचाला जवळची मागवली. जुन्या स्प्रिंगा तेल लावून हेडच्या शेजारी तळघरात.

गॅरेजकाका
स्प्रिंग काढताना जॅक खालच्या आर्मखाली, आणि साखळी स्प्रिंगच्या वेटोळ्यांतून घेऊन चासीला बांधायची, ढिली, पण बांधायची. १७०० पाउंडांनी दाबलेली वस्तू आहे ती. सुटली तर दार तोडून बाहेर जाते. समोर उभा राहू नकोस, एकटा करू नकोस.

ट्रॉयकर
(दोन आठवड्यांनी) काका, साखळी बांधली होती. मंडळातला एक मित्र मदतीला आला होता. दोन्ही बाजू चार तासांत झाल्या. बोल्ट या वेळी गाडी जमिनीवर आल्यावरच आवळले.

उंची मोजली, जुन्या खुणेला तंतोतंत. मुलगी मागे बसली होती, म्हणाली, "बाबा, आता पोटात गोळा येत नाही." अलाइनमेंट गुरुवारी आहे. बार पुढच्या महिन्यात.

गॅरेजकाका
शाब्बास. खालच्या आर्मच्या खड्ड्यात दोन भोकं आहेत. स्प्रिंगच्या टोकाने एक झाकलेलं आणि दुसरं उघडं दिसलं पाहिजे. पाहिलंस?

ट्रॉयकर
आत्ता टॉर्च घेऊन खाली शिरून पाहून आलो. दोन्हीकडे एक झाकलेलं, एक उघडं.

वुडवर्डवारी, तिसऱ्या शनिवारी सकाळी सातला १३ माइल रोडच्या कोपऱ्यावर उभा असेन. निळी शेव्हेल, नाक जागेवर. बायको थालीपीठं करून देणार आहे. काका, सुमेधाताई, तुम्ही यायचंच.